कोंबडीला घाम येत नाही

एरवी आपण इथे राजे, लढाया, किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र अंगणात बसून बोलायचंय. आजचा इतिहास आहे परसातल्या कोंबडीचा. अजून नेमकं सांगायचं तर तिच्या पाण्याचा. आणि ऊन-थंडीत तिला जगवणाऱ्या माणसांचा.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही. तो सापडला एका मे महिन्यातल्या दुपारी, आमच्या गावी, वर्धा जिल्ह्यात. नवतपा सुरू होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे महिना संपत आला की सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि पुढचे नऊ दिवस विदर्भात माणूस दुपारी रस्त्यावर दिसत नाही. त्या नऊ दिवसांना आम्ही नवतपा म्हणतो.

आजी लग्नाला गेली होती, दोन दिवसांसाठी. तिच्या एकोणीस गावरान कोंबड्या माझ्या ताब्यात होत्या. आणि मी कॉन्फिडन्सने नुसता भरलेला होतो. कारण महिनाभर आधीच मी कोंबडीपालनाचे पन्नासेक व्हिडिओ पाहून आजीचं जुनं खुराडं पाडलं होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, त्यावर वाळलेल्या दुधीचा वेल, असं ते खुराडं होतं. त्याच्या जागी मी लोखंडी जाळी आणि टिनाचं छप्पर असलेलं चकाचक शेड उभं केलं. मातीची परळं काढून टाकली आणि पाच लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रिंकर आणला, काळ्या रंगाचा. फोटो काढला, स्टेटसला ठेवला. लोकांनी बदाम टाकले.

त्या दिवशी सकाळी आठला मी ड्रिंकर काठोकाठ भरला आणि कामासाठी तालुक्याला गेलो. चारला परत आलो. एकोणीसपैकी अकरा कोंबड्या मेल्या होत्या. बहुतेक सगळ्या ड्रिंकरच्या आसपासच पडल्या होत्या. ड्रिंकरमध्ये पाणी होतं, बरं का. तळाशी चार बोटं तरी होतं. म्हणजे पाणी असूनही त्या मेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आजी आली. ती ओरडली नाही, रडली नाही. एकच प्रश्न विचारला तिनं.

"पाण्यात हात घालून पाह्यला होता काय तू?"

नव्हता पाहिला. आजचा हा सगळा भाग म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मला ते शोधायला वर्षभर लागलं.

जंगलातून आलेली पाहुणी

सुरुवात कोंबडीच्या माहेरापासून करू. जगातली प्रत्येक पाळीव कोंबडी ही मुळात आग्नेय आशियातल्या जंगलातल्या लाल रानकोंबडीची वंशज. बांबूची बेटं, दाट सावली, पायाखाली ओला पालापाचोळा, सकाळी दव, जवळपास ओढा. असं तिचं घर. ऊन वाढलं की झुडपात शिरायचं, रात्री झाडावर चढायचं.

ती माणसाकडे आली कशी? २०२२ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं जगभरातल्या उत्खननांत सापडलेली कोंबड्यांची हाडं पुन्हा तपासली. पाळीव कोंबडीची खात्रीशीर म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं त्यांना थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी मिळाली. काळ साधारण इसवी सनापूर्वी १६५० ते १२५०. त्यांचं म्हणणं असं, की माणसानं तिथे भात आणि भरड धान्य पिकवायला सुरुवात केली, दाणे सांडायला लागले आणि त्या दाण्यांच्या मागे रानकोंबडी झाडावरून खाली उतरली. म्हणजे आपण तिला पकडून आणलं असं नाही. ती जेवायला आली आणि राहिली.

आता यात आपल्या सह्याद्रीचाही एक धागा आहे. आपल्याकडच्या जंगलात लाल नाही, तर करडी रानकोंबडी असते. महाबळेश्वरच्या रानात, कोयनेच्या बाजूला पहाटे तिचा आवाज ऐकू येतो. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात त्याचं जनुक लाल रानकोंबडीचं नाहीच. ते बहुधा या करड्या रानकोंबडीकडून आलंय. म्हणजे अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये पिवळसर कातडीची जी कोंबडी विकली जाते, तिच्या अंगात दक्षिण भारतातल्या डोंगराचा एक तुकडा आहे.

पण मुद्दा हा, की आई कोणतीही असो, लाल किंवा करडी, दोघीही सावलीतल्या. उघड्या माळावरचं ऊन दोघींनाही माहीत नाही आणि बर्फही माहीत नाही. माणूस त्यांना घेऊन जगभर गेला. आणि जिथे गेला तिथे त्याच्यावर एक काम येऊन पडलं. जंगल जे फुकट देत होतं, ते आता रोज आपल्या हातानं द्यायचं. सावली, ऊब आणि पाणी.

चालता-बोलता कूलर

विदर्भातल्या मुलाला समजावायला सोपं उदाहरण म्हणजे कूलर. कूलर हवा थंड कशी करतो? ताट्या ओल्या असतात, पंखा हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं. टाकीतलं पाणी संपलं की तोच कूलर गरम हवा फेकायला लागतो.

माणसाचा कूलर म्हणजे घाम. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. आपल्याला एवढा ताप चढला तर घरचे आपल्याला दवाखान्यात नेतील. वर पिसांची गोधडी. मग ती काय करते? पंख अंगापासून दूर धरते. डोक्यावरचा लाल तुरा आणि गळ्याखाली लोंबणारी लाल पाळी यांच्यात रक्त खेळवून उष्णता बाहेर टाकते. आणि तरीही भागलं नाही तर चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर घशातलं, फुप्फुसातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हाच तिचा कूलर. टाकी म्हणजे तिचं पोट आणि टाकी भरायची जबाबदारी आपली.

थोडा हिशोब करू. साध्या हवेत कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. म्हणजे दिवसाला पाव लिटरच्या आसपास. कडक उन्हाळ्यात हेच अर्धा लिटर होतं, कधी त्याहूनही जास्त. आता माझा हिशोब बघा. एकोणीस कोंबड्या, प्रत्येकीला अर्धा लिटर, म्हणजे साडेनऊ लिटर. मी पाच लिटर ठेवून गेलो होतो. आणि त्यातलंही काही उरलं, कारण ते पिण्यासारखं राहिलंच नव्हतं. काळं प्लॅस्टिक, डोक्यावर टीन. दहा वाजता सावली सरकली आणि ड्रिंकर उन्हात आला. पाणी चटका बसण्याइतकं तापलं. कोंबडी गरम पाण्याला तोंड लावत नाही. ती त्याच्या बाजूला उभी राहून धापा टाकते, आणि धापा टाकता टाकता अंगातलं होतं तेही पाणी संपवते.

अजून एक गोष्ट. धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्ताचं गणित बिघडतं आणि अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम नीट बसत नाही. म्हणून मे महिन्यात अंडी पातळ कवचाची येतात, हातात घेतली की फुटतात. आणि अंड्यात तरी काय असतं? जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच. पाणी नाही तर अंडं नाही, इतका सरळ मामला आहे.

कोकणातले श्रोते म्हणतील, आमच्याकडे एवढं तापमान नसतं. खरंय. पण कूलर मुंबईत का चालत नाही ते आठवा. हवेत आधीच दमटपणा असेल तर वाफ होत नाही. त्यामुळे रत्नागिरीतल्या छत्तीस अंशांत कोंबडीची दमछाक आमच्याकडच्या चाळिशीसारखी होऊ शकते. तिकडे पाण्याबरोबर वाराही द्यावा लागतो.

दोन हजार वर्षांपूर्वीचा ड्रिंकर

त्या मे महिन्यानंतर मी वाचायला लागलो. मला वाटत होतं, हे सगळं अलीकडच्या पोल्ट्री सायन्सचं ज्ञान असणार. तसं नव्हतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात कोलुमेला नावाचा एक माणूस होता. जन्म आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. त्यानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचा आठवा भाग अंगणातल्या पक्ष्यांना दिला. तो काय सांगतो? कोंबड्यांचं खुराडं स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून बांधा, म्हणजे त्यांना धूर मिळेल, तो त्यांना मानवतो. भिंतीजवळ कोरडी माती आणि राख ठेवा, त्यात त्या अंघोळ करतील. आणि पाणी अगदी स्वच्छ ठेवा, विष्ठा पडलेल्या पाण्यानं त्या आजारी पडतात. पाण्याच्या भांड्याला झाकण घाला आणि बाजूनं फक्त डोकं आत जाईल एवढी भोकं पाडा, नाहीतर त्या पायानं सगळं सांडून टाकतात.

मी हे वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. कारण आजीचं खुराडं न्हाणीघर आणि चुलीच्या मधल्या भिंतीला टेकून होतं. चुलीची राख ती रोज एका कोपऱ्यात टाकायची. आणि तिच्या परळावर एक फुटकं मडकं पालथं असायचं, कडेला टवके उडालेलं. मला वाटायचं, म्हातारी भंगार जमवते. त्या टवक्यांमधून कोंबड्या डोकं घालून पाणी प्यायच्या. पाय आत जात नव्हता, ऊनही आत जात नव्हतं. माती पाझरायची आणि पाणी गार राहायचं.

आजीनं कोलुमेला वाचलेला नाही. तिला सहीपुरती अक्षरं येतात. कोलुमेलानं तरी हे कोणाकडून घेतलं असेल? त्याच्या शेतावरच्या कोंबड्या सांभाळणाऱ्यांकडूनच ना.

मग वाटलं, आपल्याकडे कोणी लिहिलं नसेल का? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' लिहिला. केवढा मोठा ज्ञानकोश आहे तो. पदार्थ, हत्ती, संगीत, खेळ, काय नाही त्यात. कोंबडाही आहे. पण तो झुंजीचा कोंबडा, राजाच्या करमणुकीचा. अंगणात पाणी पिणाऱ्या कोंबडीला दरबारात जागा नव्हती. दुसरीकडे धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी गावकोंबडा वरच्या वर्णांना खायला निषिद्ध ठरवला. त्यामुळे कोंबडी कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या अंगणात नाही, यावरून गावात पुष्कळ काही कळायचं. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या अंगणात कोंबडी नव्हती, आणि ज्यांच्या अंगणात कोंबडी होती त्यांच्या हातात लेखणी नव्हती. आपल्याकडे हे ज्ञान हातातून हातात आलं, कागदावर फारसं नाही.

थंडीची गोष्ट वेगळी झाली

आता उलट दिशेला जाऊ. उन्हाच्या प्रश्नावर आपल्याकडे मडकं होतं. थंड देशांत काय झालं?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चीनमधून मोठाल्या, गुबगुबीत, पायांवरही पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोचल्या आणि लोक अक्षरशः वेडे झाले. त्या वेडाला नाव पडलं 'कोंबडीचा ताप'. १८५२ मध्ये बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं राणी व्हिक्टोरियाला असल्या कोंबड्या भेट पाठवल्या आणि स्वतःची भरपूर जाहिरात करून घेतली. त्याच गोतावळ्यातून तयार झालेल्या एका जातीचं नाव ब्रह्मा. हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आलंय. नाव आपल्या नदीचं, पण अंगावरची पिसं आणि छोटा बसका तुरा अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी एकदम फिट.

तुरा छोटा असण्याचं एवढं काय? बघा, उन्हाळ्यात जो मोठा तुरा उष्णता बाहेर टाकून कोंबडीला वाचवतो, तोच गोठवणाऱ्या थंडीत तिचा घात करतो. त्यातलं रक्त गोठतं, टोकं काळी पडून झडतात. कॅनडात क्वेबेक प्रांतात ओका नावाच्या गावी ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता. तिथले ब्रदर विल्फ्रेड शाटलेन यांनी १९०८ पासून अशी कोंबडी तयार करायला घेतली, जिला तुरा जवळजवळ नाहीच आणि गळ्याखालची पाळीही नावापुरती. अनेक वर्षांच्या पैदाशीतून जी जात झाली तिचं नाव शांतेक्लेर. एका माणसानं थंडीसाठी कोंबडीचं डोकंच बदललं म्हणा ना.

आणि मग पैसा आला. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाच्या बाईनं घरच्या अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली. चुकून आली पाचशे. तिनं ती परत पाठवली नाहीत. छोटी लाकडी खोली बांधून वाढवली आणि मांसासाठी विकली. नफा झाला, पुढच्या वर्षी अजून मागवली. आज जगात जो ब्रॉयलरचा अवाढव्य धंदा आहे, त्याची सुरुवात अमेरिकेत या बाईपासून सांगतात. तिचं ते पहिलं छोटं खुराडं तिकडे ऐतिहासिक वास्तू म्हणून जपून ठेवलंय.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांनी त्यांच्या आजीचं खुराडं जपलं. आणि मी? मी माझ्या आजीचं खुराडं पाडून त्याचा व्हिडिओ काढला होता.

पुणे, पॅड आणि परस

आपल्याकडे मोठा बदल आला तो सत्तरच्या दशकात. १९७१ मध्ये पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. टीव्हीवरची अंड्यांची ती जाहिरात तुमच्या आईबाबांना अजून पाठ असेल. शेडमध्ये आली पांढरी लेगहॉर्न. ही मूळची इटलीची, लिव्होर्नो बंदराच्या नावावरून तिचं हे नाव पडलं. मोठा लाल तुरा, हलकं अंग, भरपूर अंडी.

आज मोठ्या, बंदिस्त शेडमध्ये गेलात तर एका भिंतीला ओले पॅड आणि दुसऱ्या टोकाला मोठे पंखे दिसतील. पॅडवरून पाणी वाहतं, पंखे हवा ओढतात. ओळखलंत ना? आमच्या गावचा कूलरच तो, शेडएवढा. म्हणजे हजारो कोंबड्यांसाठीही उपाय शेवटी तोच, पाणी आणि वारा. फक्त त्यासाठी वीज लागते, जनरेटर लागतो, कर्ज लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग परसातली कोंबडी संपली असेल. नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटी कोंबड्या-बदकं वगैरे मोजली गेली. त्यातली ३१ कोटींहून जास्त परसातली होती, आणि २०१२ च्या तुलनेत ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. एवढ्या पक्ष्यांना पॅड नाही, पंखा नाही. त्यांना रोज पाणी कोण देतं? बहुतेक घरांत बाईच देते. हांडा दोन किलोमीटरवरून आणला असला तरी त्यातलं तांब्याभर कोंबड्यांना जातं. याला कोणी काम म्हणत नाही, कारण याचा पगार नाही. पण माझ्या बारावीच्या परीक्षेची फी आजीनं अंड्यांच्या डब्यातून काढून दिली होती. दहा-दहाच्या नोटा होत्या, मला चांगलं आठवतं. त्या फीमध्ये कितीतरी उन्हाळ्यांचं पाणी होतं.

आजीची शाळा

त्या अकरा कोंबड्या गेल्यावर मी आजीला म्हणालो, नवं शेड काढून टाकतो. ती म्हणाली, "काऊन? टिनावर पऱ्हाट्या टाक. हवा तर चांगली लागते अंदर." म्हणजे तिला नव्याशी भांडण नव्हतंच. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. त्याचा थर टिनावर टाकला, जाळीला ओलं बारदान लटकवलं आणि आत हात घातला तर फरक लगेच कळला.

मग तिनं मला एक एक गोष्ट शिकवली. उन्हाळ्यात दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यायचे, भर दुपारी नाही. पचनातही उष्णता तयार होते, हे कारण मी नंतर वाचलं. तिला फक्त एवढं माहीत होतं, की दुपारी खाल्लेली कोंबडी जास्त धापते. पाणी एका जागी नाही, तीन जागी ठेवायचं, म्हणजे तगडा कोंबडा एकट्या भांड्यावर राज्य करत नाही. दर दोन तासांनी पाणी बदलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य:

"सावली चालते. तिच्यासंगं पाणी बी चाललं पाह्यजे."

पूर्वेची भिंत सकाळी उन्हात, दुपारी सावलीत. पश्चिमेची उलट. परळ दिवसातून तीन वेळा उचलून सरकवायचं. माझा ड्रिंकर नुसता जागेवर उभा होता, सावली मात्र निघून गेली होती.

डिसेंबरात दुसरी शाळा सुरू झाली. आमच्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो. मोठ्या कोंबडीला त्याचं फार काही नाही. ती पिसं फुगवते, एक पाय पोटाशी घेते आणि झोपते. तिला त्रास होतो ओलीचा आणि अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा. मी पोती लावून शेड चारी बाजूंनी घट्ट बंद केलं. सकाळी आत गेलो तर डोळ्यांत झोंबलं. विष्ठेतला अमोनिया. आजीनं वरचं पोतं हातभर खाली ओढलं. वारा अंगावरून नाही, डोक्यावरून जायला हवा.

पिल्लांची गोष्ट मात्र नाजूक. पहिल्या आठवड्यात पिल्लू स्वतःची ऊब स्वतः धरू शकत नाही. त्याला ३२ ते ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. मी थर्मामीटर आणला. आजी पिल्लांकडे बघायची. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करतायत, म्हणजे थंडी वाजतेय. बल्बपासून लांब पळून पंख पसरलेत, म्हणजे गरम होतंय. सगळीकडे विखुरलेली आणि गप्प आहेत, म्हणजे बरोबर. थर्मामीटर आणि आजी दोघं एकच सांगायचे, फक्त आजीला सेल लागत नव्हते. थंडीत पाणीही पहाटे कोमट करून द्यायची. गार पाण्यानं पिल्लं आखडतात आणि पाणी प्यायचं टाळतात.

आणि हेच पाणी औषधही होतं. कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, ज्याला राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेतला हा रोग १९२०च्या दशकात नोंदला गेला, म्हणून भारतात ते नाव. पूर्वी एका आठवड्यात अख्ख्या गावाची खुराडी रिकामी व्हायची. आता त्याची एक लस पाण्यातून देता येते. तासभर कोंबड्या तहानलेल्या ठेवायच्या आणि मग क्लोरीन नसलेल्या गार पाण्यात लस मिसळून द्यायची. म्हणजे प्रयोगशाळेतलं विज्ञानसुद्धा अंगणात येतं ते परळातूनच.

शेवटचं

मी या भागासाठी आजीचा आवाज रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला. माइक पुढे धरला की ती म्हणायची, "मले काय येते? मी काय शिकलेली हाओ?" माइक बंद केला की बोलायला लागायची. मग मी वहीत लिहून घेतलं. त्या वहीत आता बावीस पानं झाली आहेत. जुनं खुराडं मला परत बांधता येणार नाही. पण वही ठेवता येईल.

उन्हाळे वाढतायत, हे मी सांगायला नको. उन्हाळ्याच्या मोठमोठ्या योजना होतील, नव्या जाती येतील, येऊ देत. पण तुमच्या घरी कोंबड्या असतील, किंवा गावी आजीकडे असतील, तर आज एक फोन करा. पाणी कुठे ठेवतेस, कशात ठेवतेस, किती वेळा बदलतेस, एवढं विचारा. आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. आपल्याकडे हा इतिहास दुसरं कोणी लिहिलेला नाही.

आमच्याकडे आता तेवीस कोंबड्या आहेत. त्या मे महिन्यातल्या आठ वाचल्या होत्या, त्यांच्यातलीच एक खुडूक बसली आणि तिनं सुरुवात करून दिली. काळा ड्रिंकर अजून आहे, हिवाळ्यात वापरतो. तेव्हा तो सकाळच्या उन्हात ठेवला की पाणी आपोआप कोमट होतं. आजी म्हणाली, "पाय, प्रत्येक गोष्टीचा एक मोसम असते."

आणि रोज दुपारी बाराला माझ्या फोनवर अलार्म वाजतो. त्यावर नाव लिहिलंय, 'हात घालून बघ'. मी उठतो, अंगणात जातो आणि पाण्यात हात घालतो.

भेटू पुढच्या भागात. स्वतःही पाणी पीत राहा. नमस्कार.